तपासनीसाची तपासणी

सहकारी बँकेतील ठेव ही मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी असते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम आणि मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन बाजूला टाकलेले पैसे माणूस अशा बँकेत विश्वासाने ठेवतो. संचालक ओळखीचे असतात, शाखा घराजवळ असते. पूर्वी त्या पैशांचे रक्षण तिजोरी आणि दाराशी उभा असलेला पहारेकरी करीत असे. आज ते संगणकाच्या आज्ञावलीवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर सोपवलेले आहे. तिजोरीचे कुलूप नीट लागले की नाही हे डोळ्यांना दिसते. आज्ञावलीतील भोक मात्र चोराने वापरेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

१९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेला हा अनुभव ऑगस्ट २०१८ मध्ये आला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवशी बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. २८ देशांतील एटीएम यंत्रांमधून बनावट कार्डांच्या साहाय्याने सुमारे ७८ कोटी रुपये काढण्यात आले, भारतातील यंत्रांतून सुमारे अडीच कोटी गेले आणि १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्ट यंत्रणेद्वारे हाँगकाँगमधील एका खात्यात वळवले गेले. बँकेच्या एकाही शाखेचे कुलूप तुटले नाही.

या चोरीची रीत समजून घेण्यासारखी आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ती विनंती 'स्विच' नावाच्या मधल्या प्रणालीतून बँकेच्या मूळ हिशेबाकडे जाते. खात्यात शिल्लक आहे असे तिकडून उत्तर आले की यंत्र पैसे देते. चोरांनी खऱ्या स्विचच्या जागी एक खोटा स्विच उभा केला. तो प्रत्येक विनंतीला स्वतःच होकार देत राहिला आणि मूळ हिशेबाला कोणी विचारलेच नाही. दोन प्रणालींमधल्या सांध्यावर कोणाचे लक्ष नव्हते आणि घात नेमका तेथे झाला.

अशा घटनेनंतर चर्चा होते ती पोलीस तपासाची आणि नुकसानभरपाईची. तिच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाही. आज्ञावली वापरात आणण्यापूर्वी तिच्यातील दोष शोधणारी साधने आपल्याकडे आहेत का, ती कशी बांधलेली आहेत आणि ती साधनेच बिघडली तर काय, हा तो प्रश्न आहे. विषय तांत्रिक असला तरी त्याची झळ प्रत्येक ठेवीदाराला लागणारी आहे. म्हणून तो केवळ अभियंत्यांवर सोडून चालणार नाही.

कुंपणाने शेत खाल्ले तर

रक्षकच संकट ठरल्याचे उदाहरण फार जुने नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीचे एक अद्ययावतन जगभर पाठवले गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले. विमानसेवा, रुग्णालये आणि बँका यांचे कामकाज कोलमडले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. हा कोणाही शत्रूचा हल्ला नव्हता. एका नव्या नमुन्यात २१ रकाने अपेक्षित होते आणि संगणकावर बसलेली आज्ञावली २०च पुरवत होती. एकविसावा रकाना वाचण्यासाठी ती नसलेल्या जागी गेली आणि कोसळली. ती संगणकाच्या अगदी गाभ्यात काम करीत असल्यामुळे तिच्याबरोबर सारा संगणकच कोसळला.

त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, असे सदोष अद्ययावतन बाहेर पडू नये म्हणून कंपनीकडे एक तपासणी-साधन होते. त्या साधनातच दोष होता आणि त्याने सदोष फाइल निर्दोष म्हणून पुढे सोडली. हे कंपनीने स्वतःच्या अहवालात नमूद केले आहे.

दुसरे उदाहरण एप्रिल २०२१ मध्ये उघडकीस आले. आज्ञावलीचा किती भाग चाचण्यांखाली आला हे मोजणाऱ्या 'कोडकोव्ह' या सेवेच्या एका छोट्या आज्ञासंचात ३१ जानेवारीपासून परक्या हातांनी फेरफार केला होता. जेथे जेथे हे साधन चालत होते तेथून परवलीचे शब्द बाहेर नेण्याची सोय झाली होती. गुणवत्ता मोजण्यासाठी ज्याला घरात घेतले, त्यानेच किल्ल्यांचा जुडगा दाखवून दिला.

तपासणीचे साधन आज्ञावलीच्या सर्व अंतरंगात फिरते. त्याला सगळे दिसते आणि बहुधा सगळीकडे जाण्याची मुभाही असते. म्हणून त्याची स्वतःची रचना इतर कोणत्याही आज्ञावलीपेक्षा अधिक विचारपूर्वक असायला हवी.

एकाच तपासनीसावर विसंबता येत नाही

आज्ञावली तपासण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत आज्ञावली चालवली जात नाही. लेखापरीक्षक वह्या तपासतो त्याप्रमाणे तिचा मजकूर वाचून, एखादे मूल्य कोठे जन्मते, कोठून कोठे वाहत जाते आणि भलत्या ठिकाणी पोहोचते का, हे पाहिले जाते. दुसऱ्या रीतीत आज्ञावली प्रत्यक्ष चालवून तिच्यावर हजारो वेड्यावाकड्या माहितीचा मारा केला जातो आणि ती कोठे मोडते ते पाहिले जाते. नव्या पुलावर भरलेले ट्रक उभे करून त्याची ताकद जोखतात, तसाच हा प्रकार आहे. तिसरी, अधिक अवघड रीत म्हणजे आज्ञावली कोणत्याही परिस्थितीत अमुक चूक करणार नाही याची गणिती सिद्धता देणे.

यांपैकी कोणतीही एक रीत पुरेशी नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखवून दिले की, कोणतीही आज्ञावली पुढे कधीतरी थांबेल की नाही याचा अचूक निवाडा प्रत्येक वेळी करू शकेल अशी सार्वत्रिक पद्धत असूच शकत नाही. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, तपासणीचे प्रत्येक साधन काही खरे दोष तरी सोडून देणार किंवा नसलेल्या दोषांची हाकाटी तरी करणार. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांचा कणा असलेल्या ओपनएसएसएल या आज्ञावलीतील 'हार्टब्लीड' नावाचा दोष मार्च २०१२ पासून सर्वांसमोर पडून होता. तो एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. त्या काळी प्रचारात असलेल्या नामवंत साधनांच्या नजरेतूनही तो निसटला होता.

एका डोळ्याने दिसत नसेल तर अनेक डोळे हवेत, हे ओघानेच आले. पण अनेक साधने एकाच प्रचंड आज्ञावलीत कोंबली तर नवी अडचण उभी राहते. एक भाग अडखळला की सगळेच थांबते. एक भाग सुधारायचा तर सगळ्यालाच हात लावावा लागतो. आणि एका भागाला लागणारा अधिकार आपोआप सर्वांच्या हाती पडतो. येथेच 'मायक्रोसर्व्हिस', म्हणजे लघुसेवा पद्धतीचा विचार महत्त्वाचा ठरतो.

राजगडाची रचना

या पद्धतीचे तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नाही. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत. प्रत्येकीची तटबंदी स्वतंत्र आहे आणि या साऱ्यांच्या मध्यभागी बालेकिल्ला आहे. एका माचीत शत्रू शिरला म्हणजे गड पडला, असे होत नाही. कारभाराचीही तीच रीत होती. किल्ल्यावरचा अधिकार शिवछत्रपतींनी एकाच्या हाती ठेवला नाही. हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस यांची कामे वेगळी होती, म्हणून एकाच्या फितुरीने गड जाण्याचा धोका कमी झाला.

लघुसेवा पद्धतीत मोठे काम अशाच लहान, स्वतंत्रपणे चालणाऱ्या सेवांमध्ये वाटले जाते. आज्ञावलीचा मजकूर वाचून त्याची मांडणी करणारी सेवा वेगळी, मूल्यांचा प्रवाह शोधणारी वेगळी, मारा करून पाहणारी वेगळी, परक्या घटकांची यादी जुळवणारी वेगळी आणि सर्वांचे निष्कर्ष एकत्र करून अहवाल लिहिणारी वेगळी. प्रत्येकीने काय घ्यायचे आणि काय द्यायचे याचा करार आधी ठरलेला असतो. तो पाळला की आतील काम कोणत्या भाषेत आणि कोणत्या पद्धतीने केले याच्याशी इतरांना कर्तव्य नसते. निष्कर्ष कोणत्या नमुन्यात लिहावेत यासाठी 'सारिफ' नावाचे आंतरराष्ट्रीय मानक २०२० साली मान्य झाले आहे, त्यामुळे निरनिराळ्या तपासनीसांची भाषा एक करण्याचे कामही सोपे झाले आहे.

हा केवळ पुस्तकी विचार नाही. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या 'ट्रायकॉर्डर' या विश्लेषण-व्यवस्थेची माहिती २०१५ साली एका शोधनिबंधात प्रसिद्ध केली. ती याच पद्धतीने बांधलेली आहे. एखादी विश्लेषक सेवा बंद पडली तरी इतरांचे निष्कर्ष प्रोग्रामरपर्यंत पोहोचत राहतात. कंपनीतील कोणत्याही गटाला नवा विश्लेषक लिहून या व्यवस्थेला जोडता येतो. प्रत्येक इशाऱ्याशेजारी 'उपयोगी नाही' असे सांगण्याची सोय आहे. ज्या विश्लेषकाचे दहा टक्क्यांहून अधिक इशारे निरुपयोगी ठरतात त्याला सुधारणा होईपर्यंत बाजूला काढले जाते. तपासनीसाचीही तपासणी व्हावी याची तजवीज या रचनेतच आहे. साऱ्या विश्लेषकांची एकच मोट बांधलेली असती तर असा एकच दोषी भाग उचलून बाजूला ठेवणे इतके सोपे राहिले नसते.

'आढळले नाही' आणि 'तपासले नाही'

मात्र या पद्धतीचे गुणगान करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिच्यातून नवे धोकेही जन्माला येतात.

पहिला धोका मौनाचा आहे. समजा पाच सेवांपैकी एक सेवा रात्री बंद पडली. उरलेल्या चारांनी आपापले काम केले आणि सकाळी अहवाल आला, 'गंभीर दोष आढळला नाही.' हा अहवाल वरवर खरा असूनही घातक आहे. रक्ततपासणीच्या कागदावर एखादी चाचणी केलीच नसेल तर तो रकाना कोरा असतो. प्रयोगशाळेने तेथे 'सर्वसामान्य' असे लिहिले तर डॉक्टर फसेल आणि रोगी जिवाला मुकेल. एका सेवेचे मौन अहवालात शुभवर्तमान म्हणून उमटू नये, हा या रचनेचा पहिला नियम असला पाहिजे. कोणत्या सेवेने, तिच्या कोणत्या आवृत्तीने, आज्ञावलीचा कोणता भाग, केव्हा तपासला आणि काय तपासायचे राहिले, हे प्रत्येक अहवालात स्पष्ट लिहिलेले असावे. एक भाग पडला तरी बाकीचे चालू राहणे हे या पद्धतीचे भूषण आहे खरे, पण पडलेल्याची नोंद झाली नाही तर तेच भूषण फसवणुकीचे साधन होते.

दुसरा धोका सांध्यांचा. एका वाड्याच्या जागी दहा घरे बांधली की दारेही दहा होतात. कॉसमॉस बँकेची चोरी याच प्रकारची होती. उत्तर कोणाकडून आले याची खातरजमा न होता ते स्वीकारले गेले. म्हणून एका सेवेने दुसरीवर 'ती आपल्याच घरातली आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नये. प्रत्येक वेळी परस्परांची ओळख पटवावी आणि प्रत्येकीला तिच्या कामापुरताच अधिकार द्यावा. अहवाल लिहिणाऱ्या सेवेला मूळ मजकूर बदलण्याचा अधिकार असण्याचे कारण नाही. मारा करून पाहणाऱ्या सेवेला बाहेरच्या जाळ्याशी बोलण्याचेही कारण नाही.

तिसरा धोका अतिरेकाचा. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ विभागाकडे प्रक्षेपणाचा दर्जा तपासणारे एक साधन होते. ते अनेक सुट्या भागांत विभागलेले होते. चित्रचौकटी एका भागाकडून दुसऱ्याकडे नेण्यातच इतका खर्च होऊ लागला की, त्यांनी ते भाग पुन्हा एकत्र केले. त्यामुळे खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला, असे त्यांनीच मार्च २०२३ मध्ये जाहीर केले. विभागणीला विवेकाची जोड नसेल तर 'एक ना धड भाराभर चिंध्या' अशी गत होते. जी कामे एकमेकांशी सतत आणि भरपूर देवाणघेवाण करतात ती एकत्रच ठेवावीत. ज्यांचा स्वभाव, वेग किंवा अधिकार वेगळा आहे ती वेगळी करावीत. माच्या तीन असाव्यात की तेरा, हे डोंगराचा आकार पाहूनच ठरते.

आपल्याकडे काय आहे

हे सारे परदेशी कंपन्यांचे काम आहे, आपण केवळ ग्राहक आहोत, अशी समजूत असेल तर ती खोटी आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे टाटा संशोधन, विकास आणि आरेखन केंद्र १९८१ साली पुण्यात फकिरचंद कोहली यांच्या दूरदृष्टीतून उभे राहिले. तेथील संशोधकांनी बांधलेल्या 'व्हेरिॲब्स' या साधनाने सॉफ्टवेअर पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० आणि २०२१ साली 'रीचसेफ्टी' या विभागात जगभरातील साधनांना मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. आज्ञावलीची घडण पाहून तिच्यासाठी कोणती युक्ती वापरायची हे ते साधन ठरवते. अनेक पद्धती हाताशी ठेवून योग्य वेळी योग्य ती निवडणे हेच त्याचे बळ आहे. मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा आज्ञावलीतील मूल्यप्रवाहाच्या विश्लेषणावरील ग्रंथ २००९ साली आंतरराष्ट्रीय प्रकाशनाने प्रसिद्ध केला. बुद्धीची आणि विद्येची उणीव आपल्याकडे नाही.

नागपूरला तर या बाबतीत अभिमानाचा वारसा आहे. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर १९६५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, पदवीधर झाले. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्याचे नाकारल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' सिद्ध झाला. त्याची रचना आजच्या आपल्या विषयाशी थेट जुळणारी होती. एकच महाकाय प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून घेतले गेले. ते ट्रान्सप्युटर परदेशी होते. त्यांना जोडणारी व्यवस्था आणि त्यांच्याकडून काम करून घेणारी आज्ञावली मात्र आपली होती.

स्वदेशीचा व्यवहार्य अर्थ यातून स्पष्ट होतो. आज मुक्त स्वरूपात मिळणारी अनेक उत्तम विश्लेषण-साधने जगात आहेत. फेसबुकने २०१५ साली खुले केलेले 'इन्फर' हे त्यांतले एक. ती वापरण्यात काहीच कमीपणा नाही. दुसऱ्याने खणलेल्या विहिरीचे पाणी प्यावे, पण दोर आणि पोहरा आपला असावा. लघुसेवा पद्धतीत नेमके हेच साधते. आज एखाद्या जागी परदेशी मुक्त साधन बसवावे, उद्या आपले तयार झाले की करार तोच ठेवून ते बदलावे. तपासणीसाठी आपल्या आज्ञावलीचा मूळ मजकूर परक्या देशातील यंत्रांवर पाठवण्याची गरज मग उरत नाही.

नागपूरने काय करावे

जानेवारी २०२३ मध्ये स्फोटके आणि संरक्षण-साहित्य बनवणाऱ्या नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि त्याचा तपास सीबीआयकडे गेला. आपले शहर या युद्धाच्या आघाडीपासून दूर आहे असे समजण्याचे दिवस तेव्हाच संपले.

सहकारी बँकांची स्थिती आणखी नाजूक आहे. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या प्रणालीवर खंडणीखोर हल्ला झाल्याने राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला तात्पुरते अलग केले. तिच्यावर विसंबून असलेल्या देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे देयक-व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले. एका खाजगी सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार हल्ल्याची सुरुवात सी-एजच्या एका सहयोगी कंपनीतील, आज्ञावली बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'जेन्किन्स' या साधनाच्या चुकीच्या मांडणीतून झाली होती. पुन्हा तेच. आज्ञावली घडवणारे आणि तपासणारे अवजारच चोराची वाट ठरले.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी १९ ऑक्टोबर २०१८ रोजी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तरांची सर्वंकष चौकट जाहीर केली. आज्ञावलीत कोणकोणते घटक आहेत याची सूची ठेवण्याविषयी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. नियम आहेत. मात्र पाच-दहा शाखांच्या बँकेने किंवा तिला आज्ञावली पुरवणाऱ्या लहान कंपनीने महागडी साधने आणि ती चालवणारे तज्ज्ञ आणावेत कोठून?

याचे उत्तर सहकारातच आहे. एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही म्हणून गावाने मिळून गोदाम बांधले. तसेच तपासणीचे सामायिक केंद्र उभारता येईल. अमेरिकेत २०१४ साली सरकारी मदतीने 'स्वॅम्प' नावाची अशी सुविधा विस्कॉन्सिनमध्ये सुरू झाली होती. तेथे कोणालाही आपली आज्ञावली अनेक साधनांनी विनामूल्य तपासून घेता येत असे. आपल्याकडे नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था मार्च २०२४ मध्ये कार्यरत झाली आहे. तंत्रज्ञानाची सामायिक सोय करणे हा तिच्या उद्दिष्टांचाच भाग आहे. तिने पुढाकार घ्यावा, आणि अशा केंद्राचा एक भाग नागपुरात असावा. येथे व्हीएनआयटी आहे, २०१६ पासून आयआयआयटी आहे आणि मिहानमध्ये देशातील मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. फक्त हे केंद्र स्वतःच तीनशे बँकांचा एकच कच्चा दुवा ठरू नये. त्यासाठी प्रत्येक बँकेच्या मजकुराला स्वतंत्र कक्ष आणि प्रत्येक सेवेला मर्यादित अधिकार ही अट पहिल्या दिवसापासून पाळली पाहिजे.

या कामात विद्यार्थ्यांचा सहभाग फार मोलाचा ठरेल. विदर्भातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी अंतिम वर्षाचे असंख्य प्रकल्प होतात. ग्रंथालय-व्यवस्थापन किंवा हजेरीपट यांसारख्या ठरीव विषयांवर काम होते, गुण मिळतात आणि प्रकल्प कपाटात जातो. एखादे मोठे अखंड साधन चार विद्यार्थ्यांच्या गटाला एका वर्षात बांधता येत नाही. एक लघुसेवा मात्र येते. परवलीचा शब्द आज्ञावलीत उघडा लिहून ठेवला आहे का, एवढेच शोधणारी सेवा एका गटाने लिहावी. बँकेच्या विनंती-उत्तरांचे सांधे तपासणारी सेवा दुसऱ्याने लिहावी. करार ठरलेला असल्याने पुढच्या वर्षीचा गट तेथून पुढे जाईल. प्रत्येक सेवेचे किती इशारे खरे ठरले याची नोंद उघडपणे ठेवावी, म्हणजे मार्गदर्शकाच्या शेऱ्यापेक्षा अधिक प्रामाणिक परीक्षा होईल. शिकून पुण्या-बंगळुरूची गाडी धरणाऱ्या मुलांना आपल्या गावच्या बँकेचे रक्षण करणारे काम येथेच मिळाले, तर त्यांतील काही जण नक्की थांबतील.

सभासदाचे तीन प्रश्न

हे सर्व घडेल ते मागणी असेल तरच. ती मागणी कोणी करायची? ती सभासदाने करायची. सहकारी बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा लाभांशाच्या टक्क्यावर आणि अल्पोपाहारावर आटोपते. आपल्यापैकी अनेक जण अशा बँकांचे सभासद आहेत, काही जण संचालकही आहेत. यंदाच्या सभेत त्यांनी उभे राहून तीन साधे प्रश्न विचारावेत. आपल्या बँकेची आज्ञावली मागे कधी, कोणी आणि कोणकोणत्या साधनांनी तपासली? त्या तपासणीत कोणता भाग तपासायचा राहिला? आणि तपासणाऱ्या साधनाला आपल्या बँकेत कोठपर्यंत जाण्याचा अधिकार आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळेल. दुसऱ्याला बरेच जण 'काहीच राहिले नाही' असे सांगतील. तसे उत्तर आले तर सभासदाने खाली बसू नये. सर्व काही तपासले असा दावा कोणतेही प्रामाणिक साधन करीत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी व्यवस्थापनाला पुरवठादार कंपनीकडे विचारणा करावी लागेल आणि ती विचारणा व्हावी हाच प्रश्न विचारण्यामागचा हेतू आहे. मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याचीही तपासणी करता येईल.